‘चांगले’ पाणलोट कोणासाठी? नदीखोऱ्याच्या हिशेबाची दीडशे वर्षे

नागपूरजवळच्या एका लहान पाणलोट क्षेत्रात १८६९ ते १८७२ या दरम्यान एक महत्त्वाची मोजणी झाली. अलेक्झांडर बिनी या इंग्रज अभियंत्याने सुमारे १६ चौरस किलोमीटर भूभागावर पडणारा पाऊस आणि त्यातून ओढ्याला मिळणारे पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवरून तयार झालेली टक्केवारी विदर्भ आणि मध्य प्रदेशात पुढे अनेक दशके वापरली गेली. तिच्यातील दोनच आकडे पाहू. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यातील सुमारे १५ टक्के पाणी वाहून येते. १००० मिलिमीटर झाला, तर सुमारे ३८ टक्के. म्हणजे पाऊस दुप्पट झाला की ओढ्याचे पाणी पाचपट होते. पहिला पाऊस कोरडी जमीन पिऊन टाकते; ती तृप्त झाल्यानंतरच पाणी वाहू लागते. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बिनीने त्याला आकडा दिला.

त्यानंतर १८९२ च्या सुमारास डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या अभियंत्याने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील नोंदींचा अभ्यास केला आणि पाणलोटांची तीन गटांत विभागणी केली: चांगले, मध्यम आणि वाईट. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे कोष्टक आजही शिकवले जाते. त्यातील ‘चांगले’ हा शब्द मात्र थोडा थांबून वाचावा असा आहे. स्ट्रेंजच्या लेखी चांगले पाणलोट म्हणजे ज्यातून अधिक पाणी वाहून धरणात किंवा तलावात येते ते. पाणी मुरवून घेणारी सपाट, रेताड वा नांगरलेली जमीन ‘वाईट’ ठरते. धरण बांधणाऱ्याच्या दृष्टीने हे वर्गीकरण अचूक आहे. पण त्याच टेकडीखाली ज्याची विहीर आहे, त्याला नेमके उलटे वाटेल. पाणी जिथे मुरते ते त्याचे चांगले पाणलोट, आणि जिथून ते धावत सुटते ते वाईट.

कोष्टकात चूक नव्हती. ते एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होते, आणि तो प्रश्न विहीरवाल्याने विचारलेला नव्हता. भारतातील नदीखोऱ्यांच्या वैज्ञानिक हिशेबाचा इतिहास याच दृष्टीने वाचता येतो. पाणी कोणी मोजले, कोणत्या प्रश्नासाठी मोजले, आणि निघालेले उत्तर कोणाच्या हाती गेले? दीडशे वर्षांत या तीन प्रश्नांची उत्तरे हळूहळू बदलत गेली आहेत. हा बदल अजून पूर्ण झालेला नाही.

प्रयोगशाळेतील नदी

गणिती प्रतिमानांच्या आधी नद्यांची खरोखरीची प्रतिमाने होती. मुंबई सरकारने १९१६ मध्ये पुणे परिसरात सुरू केलेल्या जलसंशोधनातून पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे नदीचे पात्र, पुलाचे खांब, धरणाचे सांडवे, बंदरांची मुखे यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडले जाई. खऱ्या नदीत प्रयोग करणे अशक्य असते. प्रतिकृतीत तोच पूर पुन्हा पुन्हा आणता येतो. देशातील अनेक मोठी बांधकामे या प्रतिकृतींच्या कसोटीतून गेली.

याच काळात संपूर्ण खोरे हे एकच एकक मानून नियोजन करण्याची कल्पना भारतात रुजली. निमित्त झाले १९४३ मधील दामोदर नदीच्या महापुराचे. त्यानंतर बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. बंगालमधील पूर त्यांनी तरुणपणी मदतकार्यात जवळून पाहिले होते, आणि नद्यांचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने व्हावा असा आग्रह ते आपल्या लेखनातून सातत्याने धरत. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर डब्ल्यू. एल. वूर्डुइन यांनी आराखडा तयार केला आणि ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. मूळ आराखड्यात आठ धरणे होती. पहिल्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच झाली.

या योजनेवर एक महत्त्वाचा आक्षेप बंगालमधील अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी घेतला होता. वरच्या भागात पुराचे पाणी अडवले, तर खालच्या पात्रांतील गाळ वाहून नेणारा जोर कमी होईल आणि हुगळीच्या मुखाशी गाळ साचून कोलकाता बंदराला त्याची झळ बसेल, असे त्यांचे म्हणणे होते. वर जे अडवले जाते त्याचा परिणाम खाली कोणावर तरी होतो, हा खोऱ्याच्या शास्त्रातील पहिला धडा त्यांनी मांडला होता. धरणांच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना तर हिशेबात केवळ पुनर्वसनाचा एक रकाना मिळाला. खोरे हे एकक झाले. खोऱ्यात राहणारे मात्र त्या एककाचे भागीदार झाले नाहीत.

कायद्याचीही गत तीच झाली. आंतरराज्य नद्यांसाठी खोरेनिहाय मंडळे स्थापता यावीत म्हणून संसदेने १९५६ मध्ये नदी मंडळ कायदा संमत केला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

वाटणी आधी, बांध नंतर

सत्तरच्या दशकात दोन अगदी वेगळ्या ठिकाणी दुसरी वाट दिसू लागली. चंडीगडचा सुखना तलाव गाळाने भरत चालला होता. मृद व जलसंधारण संशोधन संस्थेतील पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढत शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, हरियाणातील सुखोमाजरी या गावापर्यंत पोहोचले. टेकड्या चराईने उघड्या पडल्या होत्या. केवळ झाडे लावून आणि चराईला बंदी घालून काही साधेना, कारण गावाच्या पोटाचा प्रश्न त्यातून सुटत नव्हता. १९७६ मध्ये तेथे मातीचा पहिला लहान बंधारा झाला. त्यातील पाण्याचा हिस्सा प्रत्येक घराला, भूमिहीन घरालाही, समान मिळेल असे ठरले. ज्याला शेत नव्हते तो आपला हिस्सा दुसऱ्याला देऊन मोबदला घेऊ शकत होता. पाण्यात वाटा मिळाल्यावर टेकडी राखणे हे गावाचेच काम झाले, आणि तलावात येणारा गाळही कमी झाला.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून ‘पाणी पंचायत’ची चळवळ सुरू केली. तिचाही गाभा वाटणीच्या नियमाचा होता: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यावे, भूमिहीनांचाही हक्क मानावा, आणि उसासारखे पाणी पिणारे पीक घेऊ नये.

या दोन्ही प्रयोगांत जलशास्त्र होतेच. बंधारा कुठे बांधावा, किती पाणी साठेल, किती क्षेत्र भिजेल, हे सारे मोजूनच ठरत होते. मात्र प्रश्न कोष्टकाकडून न येता गावाकडून येत होता. ‘किती पाणी येईल?’ याच्या जोडीला ‘आलेले पाणी कोणाचे?’ हा प्रश्न प्रथमच बरोबरीच्या मानाने उभा राहिला.

अरवरी: आधी लोक, मग प्रतिमान

राजस्थानच्या अलवर जिल्ह्यात १९८५ पासून तरुण भारत संघ आणि तेथील गावे यांनी जुनी जोहड दुरुस्त करायला व नवी बांधायला सुरुवात केली. जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला मातीचा अर्धवर्तुळाकार बांध. पावसाळ्यात त्यामागे पाणी साठते आणि ते जमिनीत मुरते. गावकऱ्यांनी श्रम आणि खर्चाचा वाटा उचलला. पुढच्या दशकभरात अरवरी नदीच्या पाणलोटात असे शेकडो बांध झाले, विहिरींना पाणी आले, आणि पावसाळ्यापुरती वाहणारी अरवरी नव्वदच्या दशकाच्या मध्यास वर्षभर वाहू लागली.

नदी जिवंत झाल्यावर नवा पेच उभा राहिला. तिच्यात मासे आले, तेव्हा सरकारने मासेमारीचा ठेका दिला आणि गावांनी त्याला विरोध केला. नदीचे पाणी, मासे, वाळू यांवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न टाळता येईना. त्यातून १९९९ मध्ये सुमारे सत्तर गावांच्या प्रतिनिधींची ‘अरवरी संसद’ उभी राहिली. तिला कायद्याचे बळ नव्हते. तरीही कोणती पिके घ्यायची नाहीत, उपसा कधी थांबवायचा, चराई कुठे बंद ठेवायची, याचे नियम तिने केले.

पुढे सिडनी विद्यापीठातील क्लेअर ग्लेंडेनिंग आणि विलेम व्हर्व्हूर्ट यांनी याच पाणलोटाचा जलशास्त्रीय अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी आधी प्रत्यक्ष जोहडांमागचे पाणी किती वेगाने मुरते ते मोजले, आणि नंतर संपूर्ण पाणलोटाचे गणिती प्रतिमान रचले. अशा प्रतिमानाचा पाया साधा असतो. पडलेला पाऊस कुठे तरी गेलाच पाहिजे: काही वाहून जातो, काही हवेत परततो, काही जमिनीत साठतो. प्रतिमान रोजच्या रोज ही जमाखर्चाची वही लिहिते. तिचा फायदा असा की ‘जोहड नसते तर?’ किंवा ‘जोहड दुप्पट असते तर?’ हे प्रश्न त्याच वर्षांच्या पावसावर पुन्हा चालवून पाहता येतात. खडकवासल्यातील प्रतिकृती पुरासाठी जे करत होती, तेच येथे आकड्यांनी केले.

उत्तर दुपदरी निघाले. जोहडांमुळे भूजलात भर पडते आणि अवर्षणाच्या वर्षी विहिरींना आधार मिळतो, हे प्रतिमानाने दाखवले. पण बांधांची संख्या वाढवत नेली, तर एका मर्यादेनंतर भूजलाचा लाभ वाढत नाही. नदीतून खाली जाणारे पाणी मात्र घटत राहते. सिंचनाखालचे क्षेत्र वाढत गेले, तर मिळालेला आधारही खर्ची पडतो.

हे निष्कर्ष गावांच्या कर्तृत्वाला कमी लेखत नाहीत. गावाला जे दिसू शकत नव्हते ते त्यांनी दाखवले. आपल्या विहिरीचे पाणी वर आले हे प्रत्येकाला कळते. पण तीस किलोमीटर खालच्या तलावात यंदा कमी पाणी का आले, हे कोणा एका गावातून दिसत नाही. खोऱ्याच्या पातळीवरचे प्रतिमान हा त्या खालच्या गावाचा साक्षीदार असतो. आणि ती साक्ष ऐकून घ्यायला अरवरी संसदेसारखे ठिकाण असावे लागते. नाहीतर ती शोधनिबंधातच राहते.

मोजपट्टी शेतकऱ्याच्या हाती

मोजणारा आणि वापरणारा एकच असावा, हा प्रयोग सर्वांत व्यापक प्रमाणावर झाला तो अविभाजित आंध्र प्रदेशात. २००३ मध्ये सुरू झालेला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने चाललेला हा ‘शेतकरी-व्यवस्थापित भूजल’ प्रकल्प अनंतपूर, महबूबनगर, नलगोंडा यांसारख्या सात दुष्काळप्रवण जिल्ह्यांतील सहाशेहून अधिक वस्त्यांत पसरला होता. गावे प्रशासकीय सीमांऐवजी ओढ्यांच्या पाणलोटानुसार एकत्र केली गेली. शेतकरी स्त्री-पुरुष स्वतः पर्जन्यमापक वाचत, निवडक विहिरींची पातळी ठरावीक दिवसांनी मोजत आणि आकडे गावातील फलकावर रंगवत. पावसाळा संपला, की रब्बीच्या पेरणीआधी सर्वांची बैठक होई आणि पाण्याचा ताळेबंद मांडला जाई.

तो ताळेबंद कसा असतो, हे एका कल्पित गावावरून समजून घेऊ. क्षेत्र ५०० हेक्टर आणि पाऊस ६०० मिलिमीटर मानू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १० घनमीटर पाणी. तेव्हा गावावर पडलेले एकूण पाणी झाले ३० लाख घनमीटर. त्यातील दहा टक्के भूजलात पोहोचले असे धरले, तर हाती राहिले ३ लाख घनमीटर. भाताच्या एका हंगामाला १२०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी १२ हजार घनमीटर पाणी लागते असे मानले, तर हे पाणी २५ हेक्टरांत संपते. भुईमुगाला ५०० मिलिमीटर धरले, तर तेच पाणी ६० हेक्टरांना पुरते. ही बेरीज-वजाबाकी कोणत्याही संगणकाशिवाय फळ्यावर होते, आणि ती पाहिल्यावर ‘यंदा भात किती लावायचा?’ हा प्रश्न उपदेशाचा राहत नाही.

ज्या दहा टक्क्यांवर सारा हिशेब उभा आहे, तो आकडा मात्र गृहीत धरून चालत नाही. तो विहिरीच्या पातळीवरून तपासावा लागतो. कठीण खडकाच्या प्रदेशात खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात पाणी थोडेच मावते. पाणी देऊ शकणाऱ्या पोकळ्यांचे प्रमाण दोन टक्के असेल, तर विहिरीची पातळी एक मीटरने चढणे म्हणजे प्रत्यक्षात अवघे २० मिलिमीटर पाणी साठणे. शेतकऱ्याने दोरी सोडून घेतलेले माप आणि भूशास्त्रज्ञाने तपासलेला खडक, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय ताळेबंद खरा ठरत नाही.

प्रकल्पात सक्ती नव्हती. कोणाच्या पंपाला कुलूप लागले नाही, कोणाला अनुदान मिळाले नाही. तरीही अनेक पाणलोटांत शेतकऱ्यांनी भाताचे क्षेत्र कमी करून कमी पाण्याची पिके घेतल्याचे जागतिक बँकेच्या २०१० मधील अहवालाने नोंदवले. चित्राची दुसरी बाजूही नोंदली गेली. प्रकल्पाचा निधी थांबल्यानंतर केलेल्या पाहण्यांत अनेक ठिकाणी मोजणी मंदावल्याचे किंवा बंद पडल्याचे आढळले, आणि लाभ किती टिकला याबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले. वही लिहिणारा हात थकला, की ताळेबंदही जुना होतो.

आकाशातून आणि विहिरीच्या काठावरून

याच दशकात भूजलाकडे पाहण्याचा आणखी एक मार्ग खुला झाला. २००२ मध्ये सोडलेल्या ‘ग्रेस’ या उपग्रहजोडीने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल टिपले. त्यावरून राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्याने ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गमावले, असा निष्कर्ष २००९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा आकडा धोक्याची मोठी घंटा होता. पण ही उपग्रहजोडी काही शे किलोमीटरच्या पटावरच पाहू शकत होती. कोणत्या ओढ्याच्या काठचे पाणी संपले आणि कोणी काय बदलावे, हे ती सांगू शकत नव्हती. ते सांगायला विहिरीच्या काठावरचा माणूस लागतो. उलट त्या माणसाला आपली विहीर केवढ्या मोठ्या घसरणीचा भाग आहे, हे उपग्रहावाचून कळत नाही.

केंद्र सरकारची अटल भूजल योजना २५ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर झाली. बिनीच्या मोजणीला तेव्हा दीडशे वर्षे झाली होती. ६००० कोटी रुपयांच्या या योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील आठ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आल्या. गावाने स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि जलसुरक्षा आराखडा करावा, ही तिची अट होती. आंध्रातील फलकावरची कल्पना राष्ट्रीय धोरणात पोहोचली, ही लहान गोष्ट नाही.

एक सांधा मात्र अजून जुळायचा आहे. ताळेबंद ग्रामपंचायतीचा असतो. पाणी पंचायतीची सीमा ओळखत नाही. एकाच ओढ्यावरच्या दहा गावांनी आपापले ताळेबंद प्रामाणिकपणे मांडले आणि प्रत्येकाने ‘आपले पाणी आपल्या शिवारात’ अडवले, तर अकराव्या गावाच्या वहीत काय उरेल? दहा वह्या एकापुढे एक जोडून खालच्या टोकाला किती पाणी पोहोचते हे पाहणे, हे गणिती प्रतिमानाचे काम आहे. त्यासाठी लागणारी माहिती आता गावेच गोळा करू लागली आहेत. दहा आणि अकराव्या गावाने एकत्र बसून तो निकाल वाचणे आणि त्यावर तडजोड करणे, हे कोणतेही प्रतिमान करू शकत नाही. त्यासाठी खोऱ्याच्या मापाची सभा लागते. कायद्याने ती १९५६ पासून कागदावर आहे. अरवरीकाठच्या गावांनी ती कायद्यावाचून भरवून दाखवली.

जलशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्ट्रेंजचे कोष्टक जरूर शिकावे. ते आजही उपयोगी आहे. फक्त ‘चांगले’ या शब्दापाशी आल्यावर त्याने पेन्सिलीने समासात एक प्रश्न लिहून ठेवावा: कोणासाठी? पुढे तो स्वतः एखाद्या खोऱ्याचे प्रतिमान रचेल, तेव्हा कोणते आकडे मोजायचे, कोणाला विचारायचे आणि निकाल कोणत्या गावांत वाचून दाखवायचा, हे त्याच प्रश्नावरून ठरवावे लागेल.